गिरणगावाला त्याचा चित्रकार का मिळाला नाही?

ताडदेवकर (धागाकर्ता)

मँचेस्टरला खेटून असलेल्या सॉल्फर्ड शहराने एल. एस. लाउरी (१८८७–१९७६) या आपल्या चित्रकाराला ज्या निगुतीने जपले आहे, ते पाहिले की एक जुना प्रश्न मला पुन्हा छळू लागतो. लाउरी घरभाडे वसूल करणाऱ्या एका कंपनीत १९१० पासून १९५२ पर्यंत नोकरीला होते. दिवसा कामगारवस्त्यांतून दारोदार फिरायचे आणि रात्री चित्रे काढायची, असा त्यांचा क्रम होता. पांढुरके आकाश, रांगेने उभी धुराडी आणि गिरणी सुटल्यावर किंचित वाकून घराकडे निघालेली काड्यांसारखी माणसे, एवढ्या सामग्रीवर त्यांनी आयुष्य काढले. रंगही पाचच वापरले. आज सॉल्फर्डमध्ये त्यांच्या नावाचे कलाकेंद्र आहे आणि ‘गोइंग टू द मॅच’ हे त्यांचे १९५३ मधील चित्र २०२२ मध्ये लिलावात निघाले, तेव्हा ते लोकांच्या नजरेआड होऊ नये म्हणून याच केंद्राने ७८ लाख पौंड मोजून ते विकत घेतले.

आता मुंबईकडे पाहा. कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेवला स्थापन झाली आणि जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. म्हणजे गिरणी आणि चित्रशाळा ही या शहराची जवळजवळ जुळी अपत्ये आहेत. असे असूनही १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर एकेक धुराडे थंड होत गेले, तोवरच्या सव्वाशे वर्षांत या वस्तीला नारायण सुर्वे मिळाले, अण्णाभाऊ साठे मिळाले, पण ज्याचे नाव घेताच परळ-लालबाग डोळ्यांपुढे उभे राहावे असा चित्रकार मिळाला नाही. माझे मत स्पष्ट आहे: आपल्या शिकलेल्या चित्रकारांची एक नजर अजिंठ्याकडे होती आणि दुसरी पॅरिसकडे. मधले भायखळा-चिंचपोकळी त्यांना दिसलेच नाही.

रेषाकार

आपला आरोप मला मान्य नाही, कारण आपण ज्याला शोधत आहात तो चित्रकार ठाण्यात बसून चार दशकांहून अधिक काळ हेच काम करत आला आहे. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. वैद्यकीय शिक्षण पुरे करून ते १९७३ मध्ये मुंबईत आले आणि २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘टाउन’ (१९८४), ‘उल्हासनगर’ आणि ‘लोअर परळ’ (दोन्ही २००१) ही चित्रे ज्याने पाहिली आहेत, तो ‘दिसलेच नाही’ असे म्हणू शकणार नाही. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले, ते विनामूल्य नसले तरी लोकलच्या तिकिटाइतकेच आवाक्यातले होते.

दुसरे असे की लाउरींच्या चित्रात माणूस गर्दीचा एक ठिपका असतो. पटवर्धनांच्या चित्रात त्याला पाठ, पोट, थकलेले खांदे आणि स्वतःचा चेहरा असतो. दिवसभर माणसांची हाडे उजेडात धरून पाहणाऱ्याने त्याच माणसांची कातडी इतक्या आदराने रंगवावी, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. तुलना करायचीच असेल तर ती या मुद्द्यावर व्हावी.

ताडदेवकर (धागाकर्ता)

पटवर्धन यांच्या योग्यतेविषयी माझ्या मनात शंका नाही, परंतु आपण दिलेल्या यादीतच माझे उत्तर आहे. ‘लोअर परळ’ २००१ चे आहे, म्हणजे संपानंतर एकोणीस वर्षांचे. तोवर गिरण्यांच्या जमिनींचे व्यवहार सुरू झाले होते आणि जुन्या आवारांत नव्या इमारती उठत होत्या. गिरण्या धडधडत होत्या तेव्हा, म्हणजे १९३० किंवा १९५० मध्ये, कुंचला घेऊन करी रोडच्या पुलावर कोण उभे होते? लाउरींनी ‘कमिंग फ्रॉम द मिल’ १९३० मध्ये रंगवले. मी त्या वर्षांबद्दल विचारतो आहे. माणूस गेल्यावर त्याचे चित्र काढणे वेगळे आणि त्याला समोर बसवून काढणे वेगळे.

मुक्काम बोल्टन

मी गेली अकरा वर्षे लँकेशायरात राहतो, म्हणून लाउरींविषयीच्या एका समजुतीला हरकत घेतो. ते गिरणी ‘समोर बसवून’ रंगवत नव्हते. त्यांची बरीचशी औद्योगिक दृश्ये जोडून केलेली आहेत: एका गल्लीतले चर्च, दुसऱ्या गावचे धुराडे आणि स्टॉकपोर्टचा तो कमानींचा रेल्वेपूल, जो जिथे नाही तिथेही त्यांच्या चित्रांत डोकावतो. हे सारे ते घरी, रात्री, दिव्याच्या उजेडात मांडत. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि ती झोपल्यावरच त्यांना चित्रांसाठी वेळ मिळे. शिवाय ते स्वतः गिरणीत कधी कामाला नव्हते. आठवड्याचे भाडे मागायला दारात उभा राहणारा माणूस कामगाराला आपला वाटत असेल का, याचा विचार आपणच करावा. आपली ही नोकरी त्यांनी कलाजगतापासून कटाक्षाने लपवली होती. तेव्हा सॉल्फर्डला ‘आपला’ चित्रकार मिळाला हे म्हणणे धुराडी पडल्यानंतरच्या हळहळीतून आलेले आहे. धूर होता तेव्हा तिथल्या लोकांना घराच्या भिंतीवर धुराचे चित्र नको होते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची सांगतो. चाळीस वर्षे तेच रस्ते पायाखाली घातल्याखेरीज माणसाच्या चालीतला तो बाक सापडत नाही. इथल्याच ओल्डहॅम गावच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीची कापडगिरणीची यंत्रे बोटीने मुंबईला येत होती. ही नजर मात्र यंत्राबरोबर येणारी नव्हती.

गणेशगल्ली

आमचे वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यात होते, म्हणून थोडे लिहितो. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण आणि गावाकडून आलेले दोन पाहुणे असत. रातपाळीचा माणूस सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याच्या अंथरुणात निजायचा. अशा घरात ओला कॅनव्हास वाळत ठेवायला जागा कुठली? कविता डोक्यात मावते, पोवाडा गळ्यात मावतो, आणि म्हणून गिरणगावाला कवी आणि शाहीर मिळाले. यात कुणाच्या नजरेचा दोष शोधण्यापेक्षा खोलीचे क्षेत्रफळ मोजावे. लाउरींकडे रात्रीपुरती का होईना, रिकामी खोली होती.

आणि चित्रकार नव्हते असे तरी कोण म्हणते? परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके होत, त्यांचे पडदे कुणीतरी रंगवत होते. युनियनचे फलक, मोर्चाची कापडे, गणपतीतले देखावे, हे सगळे गल्लीतल्या पेंटरच्या हातचे असे. संपाच्या वर्षांत आमच्या मंडळाच्या देखाव्यात पुठ्ठ्याचे धुराडे होते, त्यातून उदबत्तीचा धूर काढला होता. विसर्जनानंतर ते मोडून पुठ्ठा पुढच्या वर्षासाठी ठेवला. त्यावर सही नव्हती आणि त्याचा लिलावही झाला नाही.

रेषाकार

गणेशगल्ली यांच्या मुद्द्याला एक नाव जोडतो. चित्तप्रसाद (१९१५–१९७८) हे बंगालचे, पण चाळिशीच्या दशकात ते मुंबईत आले आणि पुढे अंधेरीत राहिले. त्यांनी कष्टकऱ्यांवर लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून कागदावर घेतलेले ठसे, केले. ठशाला ना मोठा कॅनव्हास लागतो, ना श्रीमंत गिऱ्हाईक. ताडदेवकरांच्या ‘समोर बसवून’ या अटीत तेही बसत नसतील, तर मला वाटते अटच तपासायला हवी.

ताडदेवकर (धागाकर्ता)

खोलीच्या क्षेत्रफळाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो. तो कामगाराच्या मुलाला लागू पडतो. जे. जे. मध्ये शिकून गिरगावात किंवा दादरला ऐसपैस राहणाऱ्याला तो लागू पडत नाही, आणि माझा प्रश्न त्याच्यासाठी होता. तो मी मागे घेत नाही. १९४७ मध्ये याच शहरात प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची चित्रकार मंडळी नवे काही करू पाहत होती, तेव्हा भोंगा त्यांच्याही कानावर पडत असणारच.

गणेशगल्ली

भोंगा ऐकू येणे वेगळे आणि त्यावर उठणे वेगळे. आपण सर्वांनी आतापर्यंत फाटक, पूल, धुराडे आणि घरी जाणारी माणसे यांविषयीच लिहिले आहे. लाउरींची बहुतेक चित्रेही फाटकाबाहेरचीच आहेत. आत काय होते ते सांगतो: साच्यांच्या आवाजात शब्द ऐकू येत नसे, म्हणून माणसे ओठांवरून बोलणे ओळखत. वडील निवृत्तीनंतरही घरात तसेच बोलत, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, आणि आई न चुकता उत्तर देई. हे कुणी रंगवले असेल तर मला जरूर दाखवा. मी भाडे खर्चून पाहायला येईन.