रोजची बाहेरची महागडी कॉफी सोडायचीये, पण जमत नाहीये

निळीछत्री:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. गेली तीन वर्षं रोज सकाळी ऑफिसला जाताना कॉफी शॉपमधून मोठी लाटे (भरपूर दुधाची कॉफी) घेते, आणि गेल्या सहा-सात महिन्यांत दुपारची पण सुरू झालीये. रविवारी खर्चाचा हिशोब करायला बसले तर कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये कॉफी अशी कुठे दिसतच नाही, नुसतं वॉलेट टॉप-अप, वॉलेट टॉप-अप, ११ वेळा. म्हणून ॲपमधली ऑर्डर हिस्टरी काढली आणि वहीवर रेघा मारत मोजलं. एका महिन्यात ३७ कप. माझं वीजबिल आणि इंटरनेटचं बिल एकत्र केलं तरी तेवढं होत नाही. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, ते दोन वर्षं तरी लवकर फिटावं असं मनापासून वाटतं, आणि मी हे असं पिऊन टाकतेय.

दोनदा सोडायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा सोमवारी बंद केली, मंगळवारी दुपारपर्यंत डोकं एवढं ठणकायला लागलं की बुधवारी सकाळी परत रांगेत उभी. घरी इन्स्टंट करून पाहिली, ती घशाखाली उतरत नाही. नवरा म्हणतो त्यात काय एवढं, घेऊ नकोस की. पण एवढं सोपं असतं तर झालं असतं ना. एकदम बंद करू की हळूहळू? आणि घरी तशी कॉफी खरंच होते का, की त्यासाठी मशीनच घ्यावं लागतं?

चौथामजला:
डोकेदुखीचं आधी सांगतो कारण मी तिथेच तीनदा आपटलोय. तो मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही, कॅफीन सुटल्यावर शरीर तसंच वागतं. आपल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं एक रसायन दिवसभर साचत जातं आणि त्याने झोप येते, कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. रोज अडवलं की मेंदू त्या जागाच वाढवतो, आणि मग एक दिवस कॅफीन आलंच नाही की सगळं ॲडेनोसिन एकदम लागू पडतं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं धरतं. साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि कोणाला दोन दिवस तर कोणाला नऊ दिवसांपर्यंत राहतं. म्हणजे तुम्ही दोन्ही वेळा बरोबर सगळ्यात वाईट टप्प्यावर परत फिरलात, अजून दोन-तीन दिवसांत बहुतेक उतार पडला असता. मानसोपचारवाल्यांच्या डीएसएम-५ या आजारांच्या यादीच्या पुस्तकात (२०१३) हे रीतसर नोंदलेलं आहे, त्यामुळे घरच्यांनी 'त्यात काय एवढं' म्हटलं तर हे दाखवा.

माझा सल्ला, एकदम बंद नका करू. आधी दुपारची घालवा. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारला प्यायलेल्या कपातलं अर्धं रात्री नऊला अंगात असतंच, मग झोप नीट लागत नाही, सकाळी जड वाटतं आणि सकाळचा कप मोठा होतो. माझं हेच चक्र चालू होतं. दुपारची बंद केल्यावर दहाएक दिवसांत सकाळची तलफ आपोआप थोडी खाली आली. मग सकाळचा मोठ्याचा छोटा, मग एक दिवसाआड. मला सगळं मिळून पाच आठवडे लागले. आणि मायग्रेन असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून करा प्लीज.

वाफाळ:
मी चार वर्षं काउंटरच्या पलीकडे काम केलंय म्हणून घरच्या कॉफीबद्दल लिहिते. तुमच्या त्या मोठ्या कपात नक्की काय असतं ते बघा. साधारण १८ ग्रॅम दळलेली कॉफी, त्यातून २५ ते ३० सेकंदांत काढलेला ३६ ग्रॅमच्या आसपासचा दाट अर्क, म्हणजे एस्प्रेसो, आणि बाकी सगळं दूध. एक किलो बिया आणल्या तर १८ ग्रॅमच्या हिशोबाने ५५ कप होतात, तुमचे ३७ कप काढून वर महिन्याची निम्मी बेगमी उरते. बियांचं एक पाकीट आणून स्वतःच भागाकार करून बघा.

मशीन लगेच घेऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतेय. सवय सोडायच्या उत्साहात लोक महागडं मशीन घेतात, त्याला तेवढाच चांगला ग्राइंडर लागतो, दोन महिन्यांनी ते ओट्यावर धूळ खात पडतं आणि बाहेरची कॉफी चालूच. आधी मोका पॉट घ्या, म्हणजे गॅसवर ठेवायचं, खाली-वर दोन भांड्यांचं कॉफीपात्र. १९३३ पासून तेच डिझाइन चालू आहे, वाफेच्या जोराने खालचं पाणी कॉफीतून वर येतं, बिघडायला त्यात फार काही नाही, रबरी रिंग तेवढी मधूनमधून बदलावी लागते. खरं सांगायचं तर एस्प्रेसो त्यात होत नाही, दुकानातलं मशीन ९ बार दाबाने पाणी ढकलतं, मोकात जेमतेम एक-दीड बार असतो, पण दुधात घातल्यावर फरक खूप कमी राहतो. खालच्या भांड्यात गरम पाणीच घाला, कॉफी वरून दाबू नका, गॅस बारीक, आणि वरच्या भांड्यात फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवा, तिथून पुढे जे येतं ते नुसतं कडू.

दूध ६० ते ६५ डिग्रीपर्यंतच तापवा, म्हणजे भांड्याला बोट लावून धरवत नाही अशी वेळ आली की बस. उकळलं की त्याचा गोडवा जातो, आणि मग आपण साखर घालतो. तेच गरम दूध फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दांडा असलेलं कॉफीचं भांडं) ओतून दांडा वीस-पंचवीस वेळा वरखाली केला की मस्त बारीक फेस येतो.

निळीछत्री:
बापरे, एवढं सविस्तर! दोघांचे खूप आभार. बोटाची खूण लक्षात ठेवते. पण एक सांगू का, लिहिता लिहिता मलाच जाणवलं, मला त्या दुकानाची पण सवय झालीये. तिथे खिडकीशी एक उंच स्टूल आहे, मी तिथे दहा मिनिटं बसते, कपाच्या झाकणातून वाफ येत असते, आणि त्या दहा मिनिटांत मला कोणी काही मागत नाही. घरातून निघेपर्यंत मुलीचं आवरणं, पोचल्यावर मेल. मधली तेवढीच जागा माझी.

पानगळ:
निळीछत्री, हे तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. मी साठीची बाई आहे, आई गेल्यानंतर जवळजवळ वर्षभर रोज एका कॉफी शॉपमध्ये जाऊन बसायचे, घरात बसवत नव्हतं. रे ओल्डनबर्ग नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी अशा ठिकाणांना 'तिसरी जागा' म्हटलंय, घर एक, काम दुसरं आणि जिथे आपण उगाच जाऊन बसतो ती तिसरी. कॉफीचं पाणी-दूध घरी होईल, ती जागा घरी होत नाही. मी पैशांसाठी सोडायला गेले तेव्हा आधी नुसतं घरी करून प्यायला लागले आणि आठवड्यात परत तिथेच. कारण घरात कप हातात घेतला की कोणीतरी हाक मारणारच.

म्हणून तुम्ही घरून झाकणाचा मग भरून न्या आणि ती दहा मिनिटं सोडू नका. ऑफिसच्या अलीकडे एखादा बाक, कट्टा, गच्ची, काहीतरी शोधा, आणि फोन पिशवीत. आणि आठवड्यातून एकदा त्या खिडकीशी जा, आरामात बसून प्या, कागदी कपात नाही, चिनी मातीच्या कपात मागून घ्या. मी आता दर गुरुवारी जाते. त्यात पैसे वाया गेले असं मला एकदाही वाटलेलं नाही.

हिशोबनीस:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून. ॲपमधला ऑटो टॉप-अप आजच्या आज बंद करा आणि सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. प्रत्येक वेळी पाकिटातून पैसे मोजून दिले की हात थांबतो, वॉलेटमध्ये तो खर्च खर्च वाटतच नाही. ते पॉइंट्स फुकट जातील म्हणून जीव तुटू देऊ नका, ते पुढचा कप विकण्यासाठीच असतात. आणि वाचलेले पैसे खात्यात नुसते राहिले तर दुसरीकडे कुठेतरी जातातच, माझे गेले, तीन महिने कॉफी सोडून हातात शून्य. म्हणून आता जो कप घेतला नाही त्याची किंमत त्याच क्षणी कर्जाच्या खात्याला पाठवतो. शिक्षणाच्या कर्जात मुद्दल लवकर कमी झालं की पुढचं व्याजही कमी लागतं, फक्त जादा भरणा मुद्दलात धरताय ना हे बँकेला विचारून घ्या.

निळीछत्री:
ऑटो टॉप-अप बंद केला, कार्ड काढलं. दुपारची कॉफी काल आणि आज घेतली नाही, डोकं किंचित जड आहे पण काम करता येतंय. मैत्रिणीकडे मोका पॉट पडून होता तो आणलाय. आणि पानगळताई, ऑफिसच्या मागच्या जिन्यात एक रुंद खिडकी आहे, तिथे सकाळी कोणीच नसतं. उद्या कॉफीचा मग घेऊन तिथे बसणार आहे. वाफाळ, शेवटचा प्रश्न, कॉफी दळून आणताना दुकानदाराला काय सांगू? आज पहिल्यांदा केली तर वर यायलाच खूप वेळ लागला आणि फार कडवट झाली.

वाफाळ:
फार बारीक दळली गेलीये. एस्प्रेसोपेक्षा थोडी जाड, बारीक मिठासारखी हाताला लागली पाहिजे, 'मोका पॉटसाठी' असंच सांगा, त्यांना कळतं. एका वेळी दहा-बारा दिवसांचीच दळून आणा, हवाबंद डब्यात ठेवा, फ्रिजमध्ये नको. उद्या जिन्यात कशी लागली ते कळवा नक्की.