शब्दचर्चा : 'स्पायरल डाइव्ह'ला गिरकी म्हणावं का?

रंकाळाकाठ : पॅराग्लायडर (दोऱ्यांनी लटकून उडायचा कापडी पंख) हवेतून झटपट खाली आणायच्या युक्त्यांवर मराठी टिपण करतोय. वळवाचे दिवस आलेत, दुपारनंतर पन्हाळ्याकडं ढग चढायला लागतात, म्हणून घाई. बिग इअर्स, बी-लाइन स्टॉल आणि स्पायरल डाइव्ह (गोल फिरत वेगानं खाली येणं) अशा तीन युक्त्या घेतल्यात. स्पायरलला 'गिरकी' लिहिलंय. चालेल?

पन्हाळी वारा : नको राव. गिरकी जागच्या जागी, स्वतःभोवती घेतात. हवेत तसं झालं तर तो स्पिन. एका बाजूचा ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणारी दोरी, जास्त ओढला की तेवढा पंख उडायचा थांबतो, मागं पडतो आणि अख्खं छत स्वतःभोवती फिरतं. तो अपघात झाला. स्पायरलमध्ये पंख पूर्ण उडत असतो, नाक खाली घालून वेग घेत असतो. म्हणून गिरकी स्पिनलाच ठेवा. 'घिरटी'सुद्धा नको, घार घिरट्या घालते ती वर चढायला, आणि थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, आपणही तेच करतो. पतंगवाल्यांचा 'गोता' घ्या : चक्री गोता.

चिकित्सक : पण 'गोत्यात येणे' म्हणजे अडचणीत सापडणे ना?

पन्हाळी वारा : मग तर फारच चपखल! सेकंदाला १० मीटरच्या पुढं, कधी २० मीटरपर्यंत उतरतो माणूस. अंगावर तिप्पट-चौपट वजन येतं, रक्त पायाकडं जातं, डोळ्यांपुढं अंधारी येते. काही ग्लायडर तर ब्रेक सोडून हात वर केले तरी फिरतच राहतात. वजन बाहेरच्या बाजूला टाकून, बाहेरचा ब्रेक हळूहळू ओढून सोडवावे लागतात. शिक्षकाशिवाय हा गोता मारायचाच नाही, हे टिपणात ठळक छापा.

रंकाळाकाठ : बरं, चक्री गोता नक्की. बिग इअर्सला 'मोठे कान' कसंतरीच वाटतं.

चिकित्सक : 'कान पाडणे' म्हणा. हिरमुसणे हा अर्थ आहेच, पण गाढव खरोखरच कान पाडतं. इथं ए ओळीतल्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या ओळीतल्या, बाहेरच्या दोऱ्या ओढल्या की पंखाची टोकं दुमडून खाली लोंबतात, डिट्टो तसंच.

पन्हाळी वारा : मान्य. फक्त एवढं जोडा : कान पाडले की हवेशी पंखाचा कोन वाढतो, स्टॉल, म्हणजे पंख उडायचा थांबणं, जवळ येतो. म्हणून कान पाडल्यावर स्पीड बार (वेग वाढवायची पायाखालची दांडी) दाबायचा. एरवी सेकंदाला मीटरभर उतरणारा ग्लायडर यानं तीनेक मीटर उतरतो. हवाच सेकंदाला पाच मीटर वर चालली असेल तर कान पाडूनही तुम्ही वरच जाणार. ढग असा वर खेचून घेतो, त्या 'क्लाउड सक'ला काय लिहिलंय?

रंकाळाकाठ : 'मेघाकर्षण'.

पन्हाळी वारा : पाठ्यपुस्तक झालं. पुरात पंचगंगेच्या पाण्याला ओढ असते म्हणतो आपण, तशी 'ढगाची ओढ' म्हणा. २००७ साली ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ इवा विश्निएर्स्का ही पॅराग्लायडर पायलट या ओढीत सापडली आणि ९,९४६ मीटरवर, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर गेली. बेशुद्ध होती, पण वाचली. त्याच वादळात एक चिनी पायलट गेला. ओढ लागल्यावर युक्त्या शोधण्यापेक्षा ढग दाटायच्या आधी उतरलेलं बरं.

चिकित्सक : स्टॉलला 'स्तंभन' सुचवणार होतो, पण तो शब्द वैद्यांनी केव्हाच नेलाय.

रंकाळाकाठ : 😀 स्टॉलच ठेवतो. आणि दोऱ्या ज्याला जोडतात त्या 'रायझर'ला पट्टा?

पन्हाळी वारा : पट्टा चालेल. बी-लाइन स्टॉलला दोन्हीकडचे बी पट्टे सारखेच खाली ओढायचे. पंखाची उचल मोडते आणि ग्लायडर पुढं न जाता सरळ खाली बसत येतो, सेकंदाला सहा ते आठ मीटर. सोडताना दोन्ही हात एकदम, झटक्यात वर. मात्र पट्ट्यांची ए, बी, सी ही नावं तशीच ठेवा. 'दुसरा पट्टा' लिहिलंत तर पुढून दुसरा की मागून, हे हवेत कोण विचारत बसणार?