संभाजीराजे-राजारामराजे आणि येसूबाई-ताराबाई, खरंच वैर होतं का?

रंकाळा_काठ :
मंडळी एक विचारायचं होतं. घरात शंभूराजांचा विषय निघाला की दोन तट पडतात, आई म्हणते सावत्र भाऊ म्हटल्यावर वैर आलंच आणि बायकांनी ते वाढवलं, काका म्हणतात भावांच्यात काय नव्हतंच, सगळं कारभाऱ्यांनी केलं. जावाजावांच्यात नक्की काय झालं? ताराराणी आपल्या, त्यांना कुणी वाकडं बोललं की जिवाला लागतं, म्हणून नीट माहिती पाहिजे.

पन्हाळा_प्रेमी :
काकांचं बरोबर आहे. १६८० ला महाराज गेले तेव्हा राजारामराजे दहा वर्षांचे, त्या पोराला कसलं वैर? त्यांची आई सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो, मोरोपंत या कारभाऱ्यांनी त्यांना मंचकावर बसवलं आणि पन्हाळ्यावर असलेल्या शंभूराजांना धरायला निघाले. सरसेनापती हंबीरराव मोहिते सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे गादी भाच्याला मिळत होती, तरी त्यांनी कारभाऱ्यांनाच धरून शंभूराजांच्या पुढं उभं केलं. लई मोठा माणूस. पुढं त्यांचीच लेक ताराबाई राजारामराजांना दिली आणि तेही शंभूराजांच्या कारकिर्दीत. वैर असतं तर धाकट्याचा संसार असा उभा राहिला असता का?

तळबीड_ते_करवीर :
भावांचं पटलं. पण १७०७ ला शंभूराजे-येसूबाईंचे चिरंजीव शाहूराजे मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा ताराबाईंनी त्यांना तोतया म्हटलं, खेडला लढाई केली. ज्या जावेनं आपल्या नवऱ्याला गादी दिली तिच्याच पोराशी असं वागणं मला नाही पटत.

करवीरची_लेक :
दादा, जावेनं काय दिलं ते आधी सविस्तर सांगूया कारण लोक ते एका ओळीत उरकतात. १६८९ च्या फेब्रुवारीत शंभूराजे पकडले गेले, शाहू सात वर्षांचेसुद्धा नव्हते, येसूबाईंना पोराला गादीवर बसवून स्वतः कारभार बघता आला असता, कुणी अडवलं नसतं. त्यांनी दिराला पुढं केलं, रायगडाबाहेर पडायला लावलं आणि स्वतः पोराला घेऊन गडावर थांबल्या. राजारामराजे पन्हाळ्यावरून दक्षिणेत तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यावर पोचले, इकडं नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई कैदेत गेल्या त्या १७१९ ला सुटल्या. जवळजवळ तीस वर्षं! राजारामराजांनीही राज्याचे मूळ धनी शाहूच असं पत्रात लिहिलंय, म्हणजे दीर-भावजयीत किंतु नव्हता.

आता ताराबाई. १७०० ला नवरा गेला तेव्हा वय पंचविशीचं, पदरी लहान पोर आणि समोर खुद्द औरंगजेब. सात वर्षं त्यांनी त्याला दमवला. आणि तो मेल्यावर मोगलांनी शाहूंना सोडलं ते मराठ्यांच्यात फूट पडावी म्हणूनच, येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं. मोगलांच्या छावणीत वाढलेल्या पुतण्याच्या हातात राज्य द्यायचं कसं ही शंका मला रास्त वाटते. तोतया म्हणणं चुकलंच, तिथं मी त्यांची बाजू घेणार नाही, पण त्या जावेच्या वाईटावर होत्या असं म्हणणं अन्याय आहे.

पन्हाळा_प्रेमी :
आणि एक, ताराबाईंना कैद केलं ते सातारकरांनी, म्हणजे शाहूंच्या बाजूनं नाही. १७१४ ला सवत राजसबाईंनी त्यांना मुलासकट पन्हाळ्यावर कोंडलं आणि आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसवलं. पुढं १७३० ला त्या साताऱ्याला राहायला गेल्या त्या शाहूंच्याच आसऱ्याला. आईंना हे जरूर सांगा.