अनुभव धागा: तीस पानांचं घर चालायचं कसं?

ओसरीवरचा
एका हॉटेलात आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबात प्लॅस्टिकची फुलं खोचलेली पाहिली आणि डोकं फिरलं. एकत्र कुटुंब म्हटलं की सगळे उमाळे काढतात, गाडा हाकायचा कसा ते कुणी सांगत नाही. तर बंब. आधी पाणी काठोकाठ, मगच जाळ. मधल्या नळीत वरून करवंट्या, ढलप्या. खालची राख रोज काढायची, नाहीतर हवा लागत नाही, नुसता धूर. गरम बादली काढली की गार बादली ओतायची. काकांनी ओतली नाही की पुढच्या पुतण्याला कोमट, त्याच्या पुढच्याला वैराग्य. बंब कोरडा पडला तर झाळलेले सांधे सुटतात, मग तांबट येईपर्यंत सगळं घर चुलीवरच्या हंड्यापुढे रांगेत. लिहा पुढे.

पोळपाट
कुकर लावलाय, पटकन लिहिते. किलोभर कणकेच्या घडीच्या तीसेक पोळ्या. तीस जणांना माणशी तीन धरल्या तर तीन किलो. पण सगळी एकदम मळायची नाही, शेवटी शेवटी सैल पडते. तीनदा मळा. एक लाटणार, एक भाजणार. भाजणारी जाऊबाई गप्पांत रमली की लाटलेल्या पोळ्या एकमेकींना मिठ्या मारतात.

सांडगा
माणशी तीन?? वाढत्या वयाची पोरं जेवायला नव्हती वाटतं

पोळपाट
त्यांना आधी भात वाढायचा हो. शिट्टी झाली, आले.

मधली_सून
पंगतीचा क्रम: पोरं, पुरुष, मग बायका. म्हणून आमटी तिसऱ्या पंगतीपर्यंत पुरवायची. गार पाणी ओतलं तर डाळ खाली, पाणी वर. उकळतं पाणी घाला, मीठ-चिंच-गूळ पुन्हा बघा, पळीभर हिंगाची फोडणी, एक उकळी. ऐन वेळी पाहुणे आले तरी हेच. पाहुणे वर म्हणतात, काय छान पातळ आमटी!

सांडगा
चौथ्या पंगतीला आमटीची नुसती आठवण वाढायची.

टीप_दोरा
कपड्यांचं कुणी लिहिलंच नाही. दिवाळीला एकच ठाण, त्यात सगळ्या पोरांचे शर्ट, पोरींचे परकर, उरलं तर उशांचे अभ्रे. फोटोत पोर कुठलं आणि उशी कुठली कळत नाही. परकराला खाली तीन इंच दाब (आत दुमडलेलं कापड) ठेवायचा, दर वर्षी इंचभर उसवायचा. जुन्या घडीची रेघ धुऊनही जात नाही, तिच्यावर लेस शिवायची. दोन लेशी दिसल्या की समजावं, परकर तिसऱ्या वर्षात आहे. त्यानंतर तो धाकटीचा, दाब परत वर.

मधली_सून
लेस!! अगदी.

नवा_सभासद
विषयांतर, पण दिवाळी निघालीच आहे तर... चकली तेलात विरघळते, काय चुकतं?

पोळपाट
मोहन जास्त झालं. चार वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत तेल पुरे. भाजणी कोणत्या मापाची?

नवा_सभासद
तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक. त्यातल्या चार वाट्या पिठाला मोहन अर्धी वाटी.

पोळपाट
माप बरोबर आहे, तेलाने घात केला. उरलेल्या पिठात कोरडी भाजणी मिसळा आणि गरम पाण्याने मळा. आधी एकच चकली तळून बघा, सगळा सोऱ्या रिकामा करू नका.

सांडगा
विरघळलेल्या वाया घालवू नका, चुरा दह्यात छान लागतो. वाटीचं माप मात्र विचारू नका.