प्रति: बाग जवळ असली की लोक चालतात

वडोदऱ्यात कमाटीबागेजवळ राहणारे जास्त चालतात, हा तुमचा मुद्दा सकाळच्या फेरीपुरता बरोबर आहे. पण दूध, भाजी, देऊळ अशी दिवसभराची चाल बागेवर नाही, वाटेवर अवलंबून असते. दांडिया बाजारात रस्ते चिंचोळे, गर्दी भरपूर. तरी पाच-सात मिनिटांत सगळं मिळतं आणि दमलं तर कुणाच्या तरी ओट्यावर टेकता येतं. नव्या भागात रस्ते ऐसपैस, पण सोसायटीची भिंत सलग आणि फाटक एकच. मागचं दुकान सरळ रेषेत दोनशे मीटर, वळसा घालून आठशे. मग स्कूटर निघणारच! मागच्या भिंतीत माणूस जाईल एवढं दार ठेवलं तर हा वळसा वाचतो.

फुटपाथ आहे की नाही एवढंच बघू नका, टेप लावा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निवासी भागात मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर हवी. मोकळी म्हणजे विजेचा खांब, डीपी (विजेची पेटी), कुंड्या वजा करून उरलेली. दर फाटकापाशी फुटपाथ कापून उतार केला की वर-खाली करताना गुडघे बोलतात, आणि म्हातारी माणसं रस्त्यावरूनच चालू लागतात. सिग्नलचंही तेच: २४ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने २० सेकंदांत पार होतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या ०.८ च्या चालीने ३० लागतात.