मदत हवी आहे: बीपीच्या गोळ्यांवरच्या अभ्यासासाठी निधी कुठे मिळेल? (तातडीचं)

पळसफूल
सरळ मुद्द्यावर येते. आमच्याकडे बीपीचे पेशंट दिवाळीपर्यंत नीट गोळ्या नेतात आणि कापूस फुटला की गायब. वेचणीची मजुरी किलोवर, गोळ्यांसाठी अर्धा दिवस कोण मोडणार? मार्चमध्ये परत येतात तेव्हा कोणाचं वरचं १८०, कोणाला लकवा मारून गेलेला. मला पाहायचं आहे की महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर फरक पडतो का. निम्म्या गावांत तसं, निम्म्यांत नेहमीसारखं. निधी देणाऱ्यांची नावं हवीत. गूगल करून झालंय, तो सल्ला नको. महिनाअखेर कागद द्यायचे आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, पैसे किती पाह्यजे? कागद कोणाले द्यायचे? तुम्ही डॉक्टर का संस्था? जिल्हा तरी सांगा. काहीच न सांगता नावं मागून राहिल्या.

जुना_टीएचओ
यात संशोधन कसलं? उच्च रक्तदाबाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ पासून आहे, पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे वर्धा आणि भंडारा होते. औषध ठरलेलं, नोंद ठरलेली, दर ३० दिवसांनी गोळ्या. तीन महिन्यांच्या देणार म्हणता, त्या आणणार कुठून? आधी स्टोअरवाल्याशी बोला. ३१ वर्षं नोकरी केली, अडतं ते तिथंच.

कोळसाखाण
नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ यांपैकी कुठे असाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जा. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलं ते. खाणबाधित भागासाठीच पैसा असतो आणि आरोग्य त्यात अग्रक्रमावर आहे. नाहीतर मोठ्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा. नफ्याच्या २ टक्के त्यांना द्यावेच लागतात. तुमच्या संस्थेचं १२ए, ८०जी (आयकराच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआर घेण्यासाठीची नोंदणी) झालंय ना?

वऱ्हाडी_ठेचा
प्रतिष्ठानातून इमारती होतात भाऊ, ॲम्बुलन्स येते. "बाया गोळ्या काहून खात नाही" यावर कोण पैसा देते? सीएसआरवाल्याले फोटो पाह्यजे. रजिस्टरचा काय फोटो काढशीन, फीत बांधून?

मोगरा_७७
माझ्या सासूबाईंचंही असंच. मनगटावरच्या मशीनवर १५० दाखवतं, दंडावरच्या मशीनवर १३०. कुठलं खरं धरायचं? शिवाय रोज उपाशीपोटी लसूण खाल्ली तर गोळी बंद करता येते का?

पीएसएम_रेसिडेंट
मोगराताई, दंडावरचं धरा आणि गोळी बंद करू नका. आता मूळ प्रश्न. गावागावांत वेगळी पद्धत लावून तुलना करणार म्हणजे ती ट्रायल झाली. नैतिकता समितीची मंजुरी लागेल, पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी लागेल. दुसरं म्हणजे अशा अभ्यासात किती पेशंट यापेक्षा किती गावं हे मोठं. एका गावातली माणसं एकाच बसने येतात, एकाच शेतात वेचायला जातात. दोन गावं इकडे, दोन तिकडे केलं तर फरक गोळ्यांचा की गावाचा ते कळणारच नाही. आणि आयसीएमआरला (वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी केंद्राची संस्था) अर्ज करणारा मान्यताप्राप्त संस्थेत कायम नोकरीवर असावा लागतो. तुम्ही कुठे आहात?

चातगावकर
सगळे घाबरवून का राहिले? आमच्या गडचिरोलीत बंग दांपत्याने हेच तर केलं. आधी बालमृत्यू मोजले, मग गावातल्याच बायांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. ३९ गावांत केलं, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आज आशाताई घरोघरी बाळ तपासायला जातात त्याचं मूळ तिथं आहे. पैशाने नाही, जिद्दीने झालं ते.

पीएसएम_रेसिडेंट
जिद्द होतीच. पण ते दोघं जॉन्स हॉपकिन्समधून शिकून आले होते, स्वतःची संस्था होती, अनुदान होतं, आणि शेजारची गावं तुलनेला धरून वर्षानुवर्षं मोजत बसले. "पैशाने नाही" म्हणणं म्हणजे मोजणाऱ्याचा पगार विसरणं.

चातगावकर
कागदपत्रांची भीती घातली की माणूस सुरूच करत नाही, एवढंच म्हणणं आहे. चालू द्या.

पळसफूल
ड्युटीवर होते. मी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, उपकेंद्रात, कंत्राटी. तालुका झरी-जामणी, जिल्हा यवतमाळ. संस्था वगैरे नाही. सहा गावं, त्यांत दोन कोलाम पोड (कोलाम आदिवासींच्या वस्त्या). एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांनी तालुका बैठकीत मांडायला सांगितलं आहे. रक्कम १ लाख ८० हजार: एक मुलगी वर्षभर नोंदी ठेवायला आणि पेट्रोल. गोळ्या सरकारीच.

जुना_टीएचओ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. कंत्राटी माणसाच्या नावावर अनुदान येत नाही. स्वतःच्या खात्यात तर एक रुपया घेऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. संध्याकाळी गावात जायच्या पेट्रोलचं पाहा: ग्राम आरोग्य समितीला वर्षाला १०,००० पर्यंत मुक्त निधी असतो, ठराव घेऊन बसवता येईल. मुलीचा पगार मात्र त्यातून नाही.

पीएसएम_रेसिडेंट
मग तुम्हाला निधी देणारा नकोच आहे, कॉलेज हवं आहे. यवतमाळच्या शासकीय मेडिकलच्या पीएसएम (सामुदायिक वैद्यकशास्त्र) विभागात जा. एमडीच्या पहिल्या वर्षाची मुलं थीसिसला विषय शोधतच असतात. नोंदी ठेवणारा मिळाला, नैतिकता समिती तिथलीच, १ लाख ८० हजारांतले बहुतेक वाचले. पण सहा गावं कमी पडतील, शेजारची उपकेंद्रंही घ्या, आणि कुठलं गाव कुठल्या बाजूला ते चिठ्ठी टाकून ठरवा. जवळची गावं "तीन महिने"वाली करायचा मोह होतो. मंजुरीला दोन-तीन महिने जातात, म्हणजे ही वेचणी गेली. यंदा फक्त किती जणांच्या गोळ्या सुटतात ते मोजायचं, तेही डीएचओंची (जिल्हा आरोग्य अधिकारी) परवानगी घेऊन.

पळसफूल
यंदाची गेली म्हणजे ज्यांना लकवा होईल ते होऊ द्यायचं का?

जुना_टीएचओ
नाही. स्टॉक असेल तर वेचणीला जाणाऱ्यांना दोन महिन्यांच्या द्यायला एमओंकडून लेखी घ्या. त्याला अभ्यास म्हणू नका, उपचार म्हणा.

पीएसएम_रेसिडेंट
पण मग यंदाचा आकडा पुढच्या वर्षी "नेहमीसारखं" म्हणून वापरता येणार नाही.

जुना_टीएचओ
तुमचा आकडा राहू द्या हो.

पळसफूल
सोमवारी यवतमाळला जाते. रजेच्या अर्जात कारण काय लिहू?

जुना_टीएचओ
रजा कशाला? एमओंच्या सहीचं पत्र घेऊन जा, कार्यालयीन काम आहे. एसटीचं तिकीट जपून ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
आणि ताई, पोडावर कोलामीत बोलणारी पोरगी घ्या संग. मराठीत इचारलं का सगळ्या "हो, खाल्ली गोळी" म्हणतेत.