समुद्रकाठचा विमा: ब्रॉन्झचा शून्य हप्ता की सिल्व्हर? (जानेवारी २०२६ मधली चर्चा)

किनाऱ्यावरची
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं फ्लोरिडात कोको बीचला राहतो. मी ५८, हे ६१. पर्यटकांसाठी टोप्या, टॉवेल, शंखशिंपले असं छोटं दुकान आहे. नोकरी नाही, त्यामुळे आरोग्य विमा मार्केटप्लेसवरूनच, म्हणजे विमा निवडायच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घेतो. तिथल्या योजनांना धातूंची नावं असतात: ब्रॉन्झचा हप्ता कमी पण आजारपणात खिशातून जास्त जातं, सिल्व्हरचं त्याच्या उलट. १५ जानेवारीला नोंदणी बंद होते आणि घरात एकमत नाही, म्हणून इथे मांडते.

२०२१ पासून हप्त्यावर मिळणारी वाढीव सरकारी सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, आता साधी तेवढी उरली. खर्च वजा जाता आमचं उत्पन्न ४०,००० डॉलरच्या आसपास. ज्या सिल्व्हर योजनेवरून सबसिडी ठरते, तिला गेल्या वर्षी महिना ६० डॉलर पडायचे, आता २०० पडतात. हे म्हणतात, ब्रॉन्झ घेऊ, सबसिडी लावली की हप्ता जवळजवळ शून्य.

मला ते अजिबात पटत नाही. दोघांच्या घराची दारिद्र्यरेषा यंदाच्या हिशेबात २१,१५० डॉलर आहे. उत्पन्न तिच्या अडीचपटीच्या आत असेल तर सिल्व्हरवर आणखी एक सवलत मिळते, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) आणि को-पे (दर उपचारामागे आपला वाटा) उतरतात. दुपटीच्या आत असलं तर वर्षभरात एका माणसाच्या खिशातून जास्तीत जास्त ३,५०० डॉलर जातात. ब्रॉन्झमध्ये तोच आकडा १०,६०० पर्यंत चढू शकतो. ही दुसरी सवलत सिल्व्हर सोडून कुठेच लागू होत नाही. साठीच्या उंबरठ्यावर महिना २०० वाचवण्यासाठी ती सोडून देणं मला धोक्याचं वाटतं.

हिशेबी
ताई, तुमच्या उत्पन्नाला तुमचं बरोबर आहे. पण सगळ्यांना हाच सल्ला देऊ नका. आमचं दोघांचं उत्पन्न ८०,००० च्या पुढे. आम्हाला सिल्व्हरवर ती दुसरी सवलत मिळतच नाही, मग जास्त हप्ता कशासाठी भरायचा? शिवाय यंदापासून मार्केटप्लेसवरच्या सगळ्या ब्रॉन्झ योजनांसोबत एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) उघडता येतं. कुटुंबाला वर्षाला ८,७५० डॉलर टाकता येतात, पंचावन्न किंवा त्यापुढे असाल तर आणखी १,०००. तेवढं करपात्र उत्पन्न कमी होतं.

आणि यंदा दारिद्र्यरेषेच्या चौपटीचा कडा परत आलाय. दोघांसाठी ८४,६०० डॉलर. त्याच्यावर एक डॉलर गेला तरी सबसिडी पूर्ण बंद. एचएसएमुळे मी त्या कड्याच्या अलीकडे राहतो. मला तरी ब्रॉन्झच शहाणपणाचं वाटतं.

किनाऱ्यावरची
हिशेबी, तुमच्या आकड्यांना मान्यता. पण एचएसएत टाकायला आधी ८,७५० डॉलर हातात तर हवेत! ऑगस्ट-सप्टेंबरात इथे दुकान ओस असतं. वादळाचा इशारा आला की फळ्या ठोकून निघावं लागतं, त्या आठवड्याचा गल्ला बुडतो. आमच्यासारख्यांचं खातं रिकामंच राहणार, आणि डिडक्टिबल मात्र सात-आठ हजारांचं.

आपला मार्ग वेगळा
माझं मत दोघांपेक्षा निराळं. अगदी किमान विमा ठेवा आणि मोठी कामं भारतात करून घ्या. माझ्या पत्नीचा मोतीबिंदू आणि माझे दात, दोन्ही पुण्यात झालं. तिकिटासकट इथल्यापेक्षा स्वस्त पडलं. आणि खरं सांगू? धडधाकट माणसांनी सरकारी मदत घ्यावी, हे मला मनापासून रुचत नाही.

बिलिंग खिडकीवरून
दादा, दात आणि मोतीबिंदू तिकीट काढेपर्यंत थांबतात. छातीतली कळ थांबत नाही. मी अशी बिलं रोज बघते, म्हणून कळकळीने सांगते.

मदतीबद्दलही बोलते. नोकरीवाल्यांचा कंपनी जो विमा भरते, त्यावर आयकर लागत नाही. ती सरकारची मदतच आहे, फक्त पगाराच्या पावतीत दिसत नाही. मग दुकानदाराने सबसिडी घेतली तर त्यात कमीपणा कसला?

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोघंही धातूंच्या नावांवर भांडताय आणि नेटवर्क, म्हणजे योजनेशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं, विसरताय. बेटासारख्या पट्ट्यावर राहणाऱ्याने आधी विचारायचं की या योजनेत पुलाच्या अलीकडचा डॉक्टर आहे का, जवळचं हॉस्पिटल आहे का. मार्केटप्लेसवरच्या बऱ्याच योजना एचएमओ आहेत, म्हणजे नेटवर्कबाहेर नेहमीचे उपचार त्या धरत नाहीत. ताईंनी सांगितलेली ३,५०० ची मर्यादासुद्धा नेटवर्कमधल्या खर्चालाच लागू होते.

किनारा रिकामा करायला सांगितला की तुम्ही जॉर्जियात नातेवाइकांकडे जाल. तिथे अपघात झाला, हार्ट अटॅक आला, तर विमा इमर्जन्सी म्हणून धरतो. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने तिथल्या वाढीव बिलापासून बरंचसं संरक्षणही दिलंय. पण रस्त्यावरची अँब्युलन्स त्या कायद्यात नाही. आणि ठरलेली केमो चुकली, डायलिसिस दोन दिवसांवर आलंय, तर आधी योजनेला फोन करून परवानगी मागावी लागते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हा प्रश्न आत्ताच विचारून ठेवा, मे महिन्यापर्यंत थांबू नका.

हिशेबी
नेटवर्कचं शंभर टक्के मान्य. पण एक इशारा राहिला, तो ताईंसाठी जास्त महत्त्वाचा. आगाऊ घेतलेली सबसिडी वर्षअखेरीच्या उत्पन्नाशी ताडून बघतात. पूर्वी जास्त घेतली गेली तरी कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीवर मर्यादा होती. २०२६ पासून ती काढली. रॉकेट उडण्याच्या दिवशी तुमच्याकडे गर्दी होते ना? हंगाम जोरात गेला आणि उत्पन्न अंदाजापेक्षा वाढलं, तर जास्तीची सगळी रक्कम परत भरावी लागेल.

उलट टोकही आहे. फ्लोरिडाने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) सगळ्या कमी उत्पन्नवाल्यांपर्यंत वाढवलेलं नाही. सीएने खर्च दाखवून दाखवून उत्पन्न २१,१५० च्या खाली उतरवलं, तर मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही. कर वाचल्याच्या आनंदात माझ्या एका मित्राने हेच केलं आणि नंतर दोघं वर्षभर विम्याविना राहिले. त्या वर्षी त्याची झोप उडाली होती.

किनाऱ्यावरची
हे मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही सीएला नेहमी ‘जेवढं कमी दाखवता येईल तेवढं दाखवा’ म्हणायचो.

बिलिंग खिडकीवरून
ताई, सबसिडी सगळी आगाऊ घ्यायची सक्ती नाही. थोडी हप्त्यातून कमी करा, उरलेली कर भरताना मिळते. आणि हंगामात उत्पन्न बदललं की लगेच मार्केटप्लेसवर कळवा, एप्रिलच्या रिटर्नपर्यंत वाट बघू नका.

आपला मार्ग वेगळा
सबसिडीबद्दलचं माझं मत कायम आहे. पण छातीतल्या कळेचं बोललात ते लागलं. गेल्या उन्हाळ्यात शेजाऱ्याला असंच अर्ध्या रात्री न्यावं लागलं होतं.

किनाऱ्यावरची
सगळ्यांचे आभार. ह्यांना धागा वाचून दाखवला. ह्यांनी ब्रॉन्झचा आग्रह सोडलाय, पण एका अटीवर: ह्यांचे मधुमेहाचे डॉक्टर सिल्व्हरच्या नेटवर्कमध्ये हवेत. योजनेच्या यादीत त्यांचं नाव दिसतंय, पण ती यादी कधीची आहे कोण जाणे. उद्या नऊ वाजता दुकान उघडायच्या आधी त्यांच्या दवाखान्यातच फोन करते. परतफेडीच्या भीतीने यंदाचं उत्पन्न ४४,००० धरावं असं वाटतंय, पण मग दारिद्र्यरेषेच्या दुपटीची ४२,३०० ची रेघ ओलांडते आणि ३,५०० ची सवलत हातची जाते. हिशेबी, ४०,००० च धरू की ४४,०००?

हिशेबी
वाढवून कशाला धरता? गेल्या तीन वर्षांचं रिटर्न काढा आणि यंदा खरोखर जे अपेक्षित आहे तेच लिहा. ४०,००० येत असेल तर ४०,०००च. आणि सबसिडीतले महिना पन्नास डॉलर आगाऊ न घेता बाजूला ठेवा, हंगाम चांगला गेलाच तर तेवढा आधार राहील.